गुपित, बारदानासकट

आमच्या आडत दुकानाचा अख्ख्या आठवड्याचा हिशेब एकदा तिरुपतीला जाऊन बालाजीचं दर्शन घेऊन आला. म्हणजे तो ज्या पेन ड्राइव्हमध्ये होता, तो पेन ड्राइव्ह गेला. रिवाज असा होता की आदिलाबादच्या दुकानातला हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवायचा, तो लखोट्यात घालायचा, लखोट्याला चारी बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारायच्या (ही थोरल्या काकांची सुरक्षाव्यवस्था) आणि कृष्णा एक्स्प्रेसनं निघालेल्या कुणातरी ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचा. किनवट स्टेशनावर धाकट्या काकांचा मुनीम उभा असायचा. खिडकीतून लखोटा बाहेर, राम राम, गाडी पुढं. त्या दिवशी लखोटा ज्यांच्या हाती पडला ते गृहस्थ सहकुटुंब तिरुपतीला निघाले होते आणि किनवट यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. मुनीम प्रत्येक डब्याच्या खिडक्या ठोकत फिरला. आतल्यांनी त्याला चहावाला समजून दोन कप मागितले. गाडी निघून गेली. लखोटा परतला तेव्हा त्याच्यासोबत लाडू होता. काकूंनी पेन ड्राइव्हला हळदकुंकू लावून तो देवघरात ठेवला आणि जीएसटीची तारीख टळून गेल्यावरच तिथून हलू दिला.

हा सगळा आटापिटा ज्यामुळं करावा लागला तो दोष ना काकांचा, ना रेल्वेचा. आजोबांनी दुकानं टाकली तेव्हा आदिलाबाद आणि किनवट एकाच जिल्ह्यात होते. किनवट आणि राजुरा हे हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, किनवट मुंबई राज्यात गेलं आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. १९६० मध्ये किनवट महाराष्ट्रात आलं, २०१४ मध्ये आदिलाबाद तेलंगणात. दुकानं जागची तसूभर हलली नाहीत, राज्यंच त्यांच्या पायाखालून सरकत राहिली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा एकाच आजोबांच्या दोन दुकानांना दोन नंबर मिळाले, एकाची सुरुवात ३६ नं, दुसऱ्याची २७ नं. आता भावानं भावाला कापूस पाठवायचा म्हटलं तर पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. गाडी यार्डातून सुटायच्या आत इकडचा आकडा तिकडं आणि तिकडचा इकडं पोचलेला असावा लागतो. बालाजी पावला तरी एवढ्या घाईत पावत नाही.

त्यात यार्डातल्या एका आडत्यावर भलताच प्रसंग गुदरला. त्यानं घरबसल्या दुकानातला कॉम्प्युटर पाहता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं दार सगळ्या जगाला उघडं करून ठेवलं होतं. एका सकाळी पडद्यावर इंग्रजी मजकूर आला: तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलपात टाकल्या आहेत, किल्ली पाहिजे तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. ही बातमी आमच्या दुकानात आली तेव्हा थोरल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "बिटकॉइनचा आजचा भाव काय हाय?" भाव कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपल्याला तसं काही नको. पक्कं काम पाह्यजे. कोणाले काही दिसलं नाई पाह्यजे."

आमच्या घरात संगणकातलं कळणारा माणूस मी. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की इंटरनेट येतं, हा शोध खानदानात मी पहिल्यांदा लावला आणि त्यावरच माझी कीर्ती अजून टिकून आहे. तेव्हा हे पक्कं काम माझ्यावर आलं. मी ते हैदराबादच्या एका तरुणावर ढकललं. तो दोन काळे डबे घेऊन आला, एक आदिलाबादला लावायचा, एक किनवटला, आणि चहा घेता घेता त्यानं काकांना व्हीपीएन समजावून सांगायला घेतलं.

त्याचं म्हणणं असं. दुकानातल्या कॉम्प्युटरांना १९२.१६८ नं सुरू होणारे जे पत्ते असतात ते घरगुती. १९९६ मध्ये इंटरनेटच्या कारभाऱ्यांनी असे काही आकडे खासगी वापरासाठी मोकळे सोडले. ज्यानं त्यानं आपल्या चार भिंतींत वापरावेत, हमरस्त्यावर आणू नयेत. रस्त्यावरच्या राउटरला असा पत्ता दिसला की तो पॅकेट मुकाट्यानं टाकून देतो. म्हणून हा काळा डबा आतलं पॅकेट पत्त्यासकट गुप्त लिपीत बदलतो, त्यावर नवं वेष्टन चढवतो, वेष्टनावर रस्त्यावर चालणारा पत्ता घालतो आणि सोडून देतो. किनवटचा डबा वेष्टन काढतो, लिपी उलगडतो, वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं असेल तर पॅकेट फेकून देतो, आणि सगळं ठीक असलं तर ते आपल्या घरात सोडतो. कॉम्प्युटरांना वाटतं आपण एकाच घरात आहोत. मधल्या वाटेवर कुणी डोकावलंच तर त्याला एवढंच दिसतं की आदिलाबादहून किनवटला काहीतरी गेलं.

"गेलं ते दिसते?" काकांनी नेमकं तेवढंच पकडलं.

"हौ साब, गया सो दिखता। क्या गया, वो नै दिखता।"

"मग लोक म्हणतीन ना, एवढं काय पाठवून राह्यले हे!"

त्या पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं पाहिलं.

दुकानाच्या पायरीवर एक हमाल विडी ओढत हे ऐकत होता. केरामेरीकडचा. त्या अंगाला डोंगरात काही मराठी गावं आहेत, जिल्हा फुटायच्या आधी आदिलाबादेतच होती, २०१६ पासून आसिफाबादेत. या गावांवर तेलंगणही हक्क सांगतं आणि महाराष्ट्रही, जिवती तालुका म्हणून. तिथल्या लोकांकडं दोन राज्यांची मतदार कार्डं, दोन राज्यांची रेशन कार्डं. हैदराबादचा पोरगा म्हणाला की आता किनवटचा कॉम्प्युटर किनवटात राहूनही आदिलाबादेत असल्यासारखा वागेल, तेव्हा हमालानं विडी विझवली आणि म्हणाला, "आमच्या गावात माणसंच तशी हायत साहेब. डबा नाई लागत."

पोरगा हैदराबादला परतला आणि पुढचं काम फोनवर चाललं. पहिल्याच दिवशी काहीही जोडलं गेलं नाही. मी इकडून किनवटच्या टॅलीला हाक मारावी आणि आमच्याच माळ्यावरच्या सीसीटीव्हीच्या पेटीनं लाल दिवा लुकलुकवावा, असं होऊ लागलं. फोनवर पोरानं हसू दाबत निदान केलं, "साब, दोनो तरफ एकीच सबनेट है।" म्हणजे आदिलाबादेतही १९२.१६८.१ आणि किनवटातही १९२.१६८.१. दोन्ही राउटर बाजारातून आणले, खोक्यातून काढले आणि कारखान्यातून आले तसेच लावले. निम्म्या जगाचं असंच असतं म्हणे. आता आमच्या कॉम्प्युटरला किनवटचा २० नंबर पाहिजे असला तरी तो विचार करतो, हा पत्ता तर आपल्याच घरातला, बाहेर कशाला जायचं? म्हणून तो घरातच ओरडतो, २० नंबर कोण आहे, आणि सीसीटीव्ही म्हणतो, मी. डब्यापर्यंत गोष्ट जातच नाही. जगातली कुठलीही गुप्त लिपी इथं कामाची नाही.

उपाय साधा होता. दोघांपैकी एकानं पत्ता बदलायचा.

इथं मी वाचकांना सांगू इच्छितो की माझ्या दोन्ही काकांमध्ये १९८० च्या दशकातल्या एका कडुनिंबाच्या झाडावरून अबोला होता आणि तो सुटायला झाड पडावं लागलं. थोरल्या काकांचं म्हणणं, मूळ दुकान आदिलाबादचं. आजोबांची गादी इथं. धाकट्यानं पत्ता बदलावा. किनवटहून उत्तर आलं की जिनिंगमध्ये मशीन आहेत, धरमकाटा आहे, उलाढाल तिकडं आहे, आणि दादांच्या दुकानात एक कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा, तोही गल्ल्याकडं रोखलेला. दादांनी बदलावा. मी दोघांनाही सांगून पाहिलं की १ च्या जागी २० आल्यानं माणूस लहान होत नाही. थोरले काका म्हणाले, "मग त्याले २० घे म्हणा. मोठा आकडा हाय, खूश होईन." हा निरोप मी किनवटला जसाच्या तसा दिला. धाकटे काका म्हणाले, "दादाच मोठे हायत ना, मग मोठा आकडा त्याहीलेच घेऊ दे." घरातली जुनीजाणती माणसं मध्ये पडली. आत्या नांदेडहून फोनवर आली. तिनं सबनेट म्हणजे शेताचा बांध समजून निवाडा दिला की बांध जिथं आहे तिथंच राहू द्यावा, पोरांनी भांडू नये. शेवटी काकूंनी परस्पर जावेला फोन केला. त्यांचं काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. आमच्या अख्ख्या प्रकल्पात खरोखर गुप्त राहिलेला संदेश तो एकच. संध्याकाळी किनवटनं पत्ता बदलला.

आणि धरमकाटा बंद पडला.

धरमकाट्याच्या कॉम्प्युटरला जुना पत्ता कुणीतरी केव्हातरी हातानं घालून ठेवला होता. नवा पत्ता त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला प्रिंटर दिसेना, प्रिंटरला तो दिसेना. ऐन हंगाम, किनवटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. ट्रॅक्टरवर बसलेले शेतकरी विचारू लागले की आज वजन का नाही. मुनिमानं प्रामाणिकपणे सांगितलं, "पत्ता बदलला." ही खबर रांगेत मागं जाता जाता अशी झाली की जिनिंग इथून उठून दुसरीकडं जाणार, मग अशी की मालक बुडाला. शेवटच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोचेतो धाकटे काका मुंबईला पळाले होते. ते स्वतः धरमकाट्यावर उभे राहून हातानं पावत्या लिहीत होते, पण त्यांच्याकडं कुणी पाहत नव्हतं.

पत्ते वेगळे झाले. आता राहिली किल्ली.

दोन्ही डब्यांत एकच गुप्त शब्द घालायचा, म्हणजे ते एकमेकांना ओळखतात. ओळख पटली की पुढची खरी कुलपं डबे आपसांतच ठरवतात, आणि तेही उघड्यावर बोलून. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये ही युक्ती जगापुढं मांडली: दोघांनी चारचौघांत आकडे सांगायचे, चारचौघांनी ते ऐकायचे, आणि तरी शेवटी दोघांनाच कळेल असा आकडा तयार होतो. ऐकणाऱ्याला तो काढायचा तर त्याची हयात जाते. हे मी काकांना सांगितलं. काकांनी रुमालाखाली बोटं धरून सौदे ठरवणारे दलाल पाहिलेले. ते म्हणाले, "मोठ्यानं बोलून गुपित? जमत असन तर रुमालाचा खर्च वाचला."

ही सवलत डब्यांना होती, आम्हाला नव्हती. पहिला शब्द मात्र गुप्तपणेच पोचवायचा होता. हैदराबादच्या पोरानं तो चांगला लांबलचक करून दिला: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, ॲट द रेट, डॉलर. कागदावर लिहून आणि पाकिटात घालून. आणि बजावलं की व्हॉट्सॲपवर नक्को, मेलवर नक्को, किसी कू दिखाना नक्को. काकांनी हे इतकं मनावर घेतलं की त्यांनी तो मलाही दाखवला नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पाकीट उघडलं आणि किनवटला फोन लावला.

किनवटच्या जिनिंगमध्ये मशीन चालू असतं. तिथं हळू बोललेलं काहीही ऐकू येत नाही.

"मोठा एस!" काका ओरडले. "एस! सरकीतला! हाव, मोठा! आता सात! सात रे! सप्ताहातला! मग ते ॲट द रेट!" पलीकडून मुनीम एकेक अक्षर परत ओरडत होता, खात्रीसाठी. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात चष्मा. अर्ध्या शटरखालून बाहेर लिलावासाठी थांबलेली माणसं वाकून पाहू लागली. दोन शेतकऱ्यांनी आपसांत चर्चा केली की हा कुठला भाव चाललाय. सगळा शब्द सांगून झाला, मुनिमानं घातला, आणि टनेल (दोन डब्यांमधल्या या बंद वाटेला पोरगा टनेल म्हणे) काही उठेना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मोठा एस. आता बाहेरचे हमालही पुढचं अक्षर यायच्या आधीच माना डोलावू लागले. तरी टनेल डाऊनच. तिसऱ्या खेपेला चहावाल्याचा पोऱ्या रिकामे ग्लास न्यायला आला. तो शटरखालून आत शिरला आणि म्हणाला, "शेठ, नववं अक्षर शून्य हाय. तुमी ओ ओ म्हणून राह्यले." काकांनी कागद पाहिला. शून्यच होता. टनेल त्या क्षणी उठला.

मी काकांना म्हटलं की आता शब्द बदलायला पाहिजे, अख्ख्या यार्डाला पाठ झाला. काका म्हणाले, "यार्डाले काय करायचं त्याचं? त्याहीले इंग्रजी कुठं येते!" चहावाल्याच्या पोऱ्यानं ग्लास गोळा करता करता हे ऐकलं आणि दुखावल्या नजरेनं निघून गेला. (शब्द मी मागाहून बदलून घेतला. नवा शब्द काकांनी तिजोरीतल्या वहीत लिहून ठेवला आणि विसरू नये म्हणून तिजोरीच्या दाराला आतून नाही, बाहेरून चिकटवला.)

एक गाठ मात्र किनवटकडून पडली. तिकडचं इंटरनेट असं की कंपनी शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वाटून देते. किनवटचा डबा बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून सरळ त्याच्या दारात कुणाला जाता येत नाही. म्हणून टनेल सुरू करायचा झाला तर सुरुवात किनवटनंच करायची. एकदा त्यांनी वाट मोकळी केली की दोन्हीकडून ये-जा. ती वाट बुजू नये म्हणून काही बोलायचं नसलं तरी किनवटचा डबा दर २० सेकंदांनी आमच्याकडं एक बारकंसं पॅकेट पाठवत राहतो, मी आहे हां, एवढंच सांगणारं. हे ऐकून थोरले काका भारावले. "म्हणजे पहिले त्यानं बोलायचं?" त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. "आणि दर २० सेकंदांनी? रातचंही?" चाळीस वर्षांत धाकट्यानं आपण होऊन फोन केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ते अधूनमधून डब्याच्या लुकलुकत्या दिव्यासमोर खुर्ची ओढून बसत.

टनेल झाला, डब्यावर हिरवा दिवा आला, आणि एक नवंच सोंग सुरू झालं. छोट्या पावत्या जात, मोठा खातेउतारा अडकून बसे. एका शेतकऱ्याचं बिल निघे, महिन्याचा हिशेब अर्ध्यावर गोठे. हैदराबादकडून खुलासा आला की रस्त्यावरून एका वेळी १५०० बाइटांचं पॅकेट जातं, त्याहून मोठं नाही. आणि आपण जे वेष्टन चढवतो, लिपीचं, शिक्क्याचं, नव्या पत्त्याचं, त्यातच साठ-सत्तर बाइट जातात. आतलं पॅकेट आधीच १५०० भरलेलं असलं तर वेष्टनासकट ते मावत नाही आणि वाटेत कुठंतरी गचकतं. डब्याला सांगायचं की आतलं पॅकेट थोडं कमीच भर.

व्हीपीएनच्या अख्ख्या शास्त्रातला हा एक भाग थोरल्या काकांना सांगावा लागला नाही. "बारदान!" ते उठूनच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी पोत्याचं वजन वजा करून मालाचं वजन काढलेलं. "दीड हजारात सत्तर बारदान. पाच टक्क्याच्या जवळ. लईच हाय!" त्यांनी लगेच हैदराबादला फोन लावून विचारलं की हलकं पोतं नाही का मिळत. पोरगा गोंधळला. मग काकांनी विचारलं की हे बारदान किनवटच्या खात्यात पडणार की आपल्या. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही आणि काका ते अजून विचारतात.

काही दिवस सुखाचे गेले. किनवटच्या लोकांना मात्र एक त्रास झाला. पोरानं सोय म्हणून किनवटचं सगळंच इंटरनेट टनेलातून आदिलाबादला आणून तिथून जगात सोडलं होतं. जगाला वाटू लागलं की किनवटचा मुनीम तेलंगणात राहतो. त्याला हैदराबादी बिर्याणीच्या आणि तेलुगूतून सोन्याच्या दागिन्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. तो गुरुवारचे उपास करणारा माणूस. त्यानं धाकट्या काकांकडं तक्रार केली की दादांच्या दुकानातून आपल्याला चिथावणी दिली जात आहे. धाकट्या काकांनी थोरल्यांना विचारलं. थोरल्यांनी विचारलं, मुनीम कामाच्या वेळी कुठं कुठं जातो हे आपल्याला दिसतं का? पोरगा म्हणाला की दिसू शकतं. धाकट्या काकांनी त्याच संध्याकाळी ती सोय बंद करून घेतली आणि त्यानंतर टनेलातून फक्त धंद्याचं जातं. मुनीम म्हणे त्या रात्री शांत झोपला.

मग २०२२ चा उन्हाळा आला आणि काकांनी पेपरात वाचलं की सरकारनं व्हीपीएनवाल्यांना धरलं. २८ एप्रिलला दिल्लीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा आदेश निघाला होता: व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, कारण, सगळं पाच वर्षं जपून ठेवावं. परदेशातल्या काही कंपन्यांनी भारतातली यंत्रंच हलवली. कचेऱ्यांनी आपल्या आपल्यात जोडलेल्या जाळ्यांना हे लागू नाही असा खुलासाही मागाहून आला, पण काका खुलाशापर्यंत वाचत नाहीत. त्यांनी लाल कापडाची नवी वही आणवली. पहिल्या पानावर श्री, त्याखाली टनेलाची किल्ली, आणि दुसऱ्या पानापासून टनेल कोणी, केव्हा, कशासाठी वापरला याची नोंद. त्यात मी आहे, मुनीम आहे, सीए आहे. चहावाल्याचा पोऱ्याही आहे, "शून्य सांगितल्याबद्दल".

यंदा हंगाम उतरला आणि काकांच्या मनात धाकट्याच्या उचलीनं घर केलं. उचल म्हणजे त्यानं सामाईक गल्ल्यातून वेळोवेळी घेतलेले पैसे. काकांनी ठरवलं की सीएला पत्र लिहायचं, खर्चाचा तक्ता जोडायचा, आणि दोन्ही दुकानांचे हिशेब आता वेगळे करावेत असं सुचवायचं. पण हे सीएशिवाय कुणाला कळता कामा नये. मेल नको. फोन नको. छापील पत्र, हातोहात. माझ्याकडून टाइप करून घेताना त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं. पंखाही बंद केला, का ते मला कळलं नाही. घामाघूम होऊन मी प्रिंटची कळ दाबली.

आमच्या प्रिंटरनं आवाज केला नाही. पुन्हा दाबली. काका म्हणाले, "जोरानं दाब." पुन्हा दाबली.

आता टनेलामुळं किनवटचा प्रिंटर आमच्या कॉम्प्युटरला आपल्याच घरातला दिसतो हे मागं सांगितलंच आहे. विंडोजला एक खोड आहे, तिला मोकळीक दिली तर माणसानं शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच ती आपला मानते. त्या सकाळी मी किनवटच्या धरमकाट्यावर एका गाडीचा गेटपास छापला होता. तेव्हा काकांचं पत्र लिपीबद्ध झालं, वेष्टनात बसलं, शिक्का मारून निघालं, कुणाच्याही नजरेला न पडता, वाटेत एक अक्षरही न बदलता राज्याची हद्द ओलांडून किनवटला पोचलं आणि धरमकाट्याच्या खोलीत, मुनीम, दोन ड्रायव्हर आणि वजनाच्या पावतीसाठी उभ्या असलेल्या शेतकऱ्यांसमोर, तीन प्रतींत बाहेर पडलं.

हे आम्हाला कसं कळलं, तर आमचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. काका दचकून मागं सरले. एक कागद सावकाश बाहेर आला.

"ती. दादा यांसी, शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तीन प्रती कशाला, एक पुरली असती, कागद महाग झाला आहे. मजकूर सर्वांनी ऐकला. मुनिमाचं म्हणणं, भाषा चांगली आहे. दुसऱ्या पानावर सरकीच्या रकान्यात बेरीज चुकली आहे, तपासून घ्यावी. वहिनींस नमस्कार."

काकांनी शटर उघडलं, पंखा लावला आणि चष्मा पुसून बेरीज करायला बसले. बराच वेळ ओठ हलत राहिले.

"चुकली?" मी विचारलं.

"सातशेनं," काका म्हणाले. "आणि सातशे त्याच्याकडूनच निघत होते, ते मी कमी धरले. गाढव हाय तो, कायले सांगितलं! हे दुरुस्त करून परत पाठव त्याले. त्याच टनेलनं." मी कळ दाबणार तोच त्यांनी माझा हात धरला. "एकच प्रत. आणि खाली लिही, बारदान तुमच्या खाती."